जायफळ जरा जास्त

मंगळवारी दुपारी चारच्या सुमाराला एचआरमधली मुलगी माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, "मॅडम, काकांसाठी दोन ओळी लिहून द्या ना. सगळ्यांच्या घेतोय, फ्रेम करायचीय." काका महिनाअखेरीला निवृत्त होणार होते. दोन ओळी म्हणजे पाच मिनिटांचं काम. मी हातातली व्हाउचरं बाजूला ठेवली, कोरा कागद ओढला, पेन टेकवलं आणि मनात पहिलं काय आलं, तर कॉफी फेटतानाचा चमच्याचा आवाज. मग त्यांचा फुरका. मग फोनवर बोलताना उभं राहून येरझारा घालणं, दर फेरीला माझ्या खुर्चीला लागणारा धक्का आणि त्यावरचं "सॉरी गं". मग न विचारता माझ्या कपात किसलेलं जायफळ. इतकी वर्षं शेजारी बसलेल्या माणसाबद्दल लिहायला घेतलं, तर ज्याचा मला वैताग यायचा तेच सगळं रांगेनं पुढे येऊन उभं राहिलं. बाकीच्यांनी काय लिहिलंय ते त्या मुलीनं दाखवलं. हसतमुख, मनमिळाऊ, सर्वांना सांभाळून घेणारे. एक अक्षर खोटं नव्हतं त्यात. पण ते वाचून डोळ्यांपुढे काका येत नव्हते, कुणीही आलं असतं. "उद्या देते," म्हणून मी तिला परत पाठवलं आणि ते प्रकरण डोक्यात अडकून बसलं.

काकांचं गाव गुहागरकडचं. घरची नारळी-पोफळीची वाडी आहे आणि तिच्यात जायफळाची झाडं. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं काढलेल्या 'कोकण सुगंधा' आणि 'कोकण स्वाद' या जातींची कलमं त्यांच्या भावानं लावलीत, हे ऑफिसातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, कारण काकांनी ते प्रत्येकाला सांगितलंय आणि नवीन माणूस आला की पुन्हा सगळ्यांसमोर सांगितलंय. गावाहून येताना ते एखादं अख्खं फळच घेऊन येत. पिवळसर फळ पिकून उकललेलं, आत जायपत्रीची लालभडक जाळी, जाळीच्या आत चकचकीत काळपट कवच, कवचाच्या आत जायफळ. ते टेबलावर ठेवून सगळ्यांना बोलवायचं, जायपत्री अलगद सोडवून दाखवायची, प्रत्येकाच्या नाकापाशी न्यायची. बॅलन्सशीट जुळत नसताना नाकापाशी जायपत्री आली की काय होतं, ते अकाउंट्समधल्या माणसालाच कळेल.

आणि त्यांची कॉफी. खालच्या ड्रॉवरमध्ये स्टीलची एक डबी, तिच्यात मलमलच्या फडक्यात गुंडाळलेलं, एका बाजूनं झिजून सपाट झालेलं जायफळ आणि बोटाएवढी पत्र्याची किसणी. साडेअकराला काका उठले की डबी शर्टाच्या खिशात जायची. पँट्रीत गेले की मगमध्ये इन्स्टंट कॉफी, साखर आणि पाण्याचे थेंब. थेंबच. चमचाभर पाणी पडलं की फेस धरत नाही, हे ते दरवेळी म्हणायचे. साखरेनं पाक दाट होतो आणि तो दाट पाक हवेचे बुडबुडे धरून ठेवतो. फिल्टर कॉफीच्या पुडीचं हे जमत नाही, कारण ती विरघळतच नाही. मग फेटणं सुरू. पहिल्यांदा साखरेचे दाणे मगला घासल्याची खरखर, मग ती खरखर ओसरून चमच्याचा स्वच्छ टणटण आवाज, मग हळूहळू तोही भरीव होत जायचा, कारण आता आत काळपट पाणी उरलेलं नसायचं, बदामी लोणी झालेलं असायचं. पँट्रीचं दार माझ्या मागेच आहे. फेटणं कुठवर आलंय ते मला मान न वळवता सांगता यायचं. शेवटी उकळतं दूध उंचावरून, आणि वर जायफळ. आधी स्वतःच्या मगवर, मग आजूबाजूला ज्याचा ज्याचा कप असेल त्याच्यावर. ज्या दिवशी जीएसटीचं रिटर्न भरायचं, म्हणजे महिन्याच्या २० तारखेला, पोर्टल गोल गोल फिरत असतं, ओटीपी येत नसतो, दोन पार्ट्यांचे फोन वाजत असतात आणि मागून ती टणटण. त्या क्षणी मला काकांचा जितका राग आला असेल, तितका जवळच्या नातेवाइकांचाही कधी आला नाही.

आमच्या मजल्यावर काका काही एकटेच नव्हते. एकजण विचार करताना बॉलपेनचं टोक टकटक दाबतो. विचार जितका अवघड, तितकी टकटक जलद. एक बाई घरचे सगळे फोन स्पीकरवर घेतात, त्यामुळे त्यांच्या नणंदेच्या गुडघ्याचं ऑपरेशन आम्ही सगळ्यांनी मिळून पार पाडलं. लिफ्टचं बटण आधीच लागलेलं असताना ते पुन्हा तीनदा दाबणारे एक साहेब आहेत. समोर डबा उघडलेला, तोंडात घास, आणि "जेवताय का?" विचारणारे तर जागोजागी आहेत. मायक्रोवेव्हमध्ये तळलेला बांगडा गरम करणाऱ्यावरून एकदा मजल्याचे दोन तट पडले होते. मी स्वतः बांगडा आवडीनं खाते. पण बंद काचांच्या खोलीत तीन तास तो वास अंगावर घेऊन टीडीएसचा हिशेब करणं वेगळं आणि घरी गरम भाताबरोबर तो खाणं वेगळं, हे मी दोन्ही तटांना सांगून पाहिलं.

एसीचं तर विचारूच नका. २०२० पासून आपल्याकडे नवीन एसी सुरू केला की तो आपोआप २४ अंशांवर येतो, तसा नियमच झाला. वीज वाचावी हा हेतू, आणि तो चांगलाच आहे. पण आमच्याकडे २४ हा आकडा सकाळची पहिली दहा मिनिटंच टिकतो. मग कुणी तो १८ वर नेतं, खिडकीजवळची मंडळी तो २७ वर आणतात, आणि रिमोट दुपारपर्यंत प्रिंटरच्या कागदांखाली लपवलेला सापडतो. प्रत्येकाचं अंग वेगळं, हे आपल्याला माहीत असतं. तरी समोरच्याला थंडी वाजते म्हणजे तो मुद्दामच करतोय, असं त्या क्षणी अगदी मनापासून वाटतं.

यातली सगळीच चीड सारखी नसते, हेही सांगायला हवं. आमच्याकडच्या एका मुलीला कुणी चावताना किंवा भुरके मारताना ऐकलं की अक्षरशः घाम फुटतो, छाती धडधडते. तिच्या डॉक्टरांनी त्याला मिसोफोनिया म्हणतात असं सांगितलं. तिनं ते एकदा बिचकत बिचकत काकांना सांगितलं. तेव्हापासून ती पँट्रीत असली की काका आपला मग उचलून जिन्यात जायचे आणि तिथे उभ्यानं फुरके मारायचे. जिन्यात आवाज घुमतो, त्यामुळे आम्हाला उलट जास्तच ऐकू यायचं. पण तिला येत नसे, आणि ते महत्त्वाचं होतं.

कॉफी आणि सहकारी यांचं भांडण किती दूरवर जाऊ शकतं, त्याची एक गोष्ट मला फार आवडते. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत 'ट्रोजन रूम' नावाच्या खोलीबाहेर एकच कॉफीचं भांडं होतं. काही संशोधक दुसऱ्या मजल्यांवर बसायचे. ते जिने उतरून यायचे आणि बघतात तर जवळ बसणाऱ्यांनी भांडं रिकामं केलेलं. १९९१ साली क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल जार्डेट्झ्की या दोघांनी त्या भांड्यावर कॅमेरा रोखला आणि त्याचं बारीकसं करडं चित्र सगळ्यांच्या संगणकावर दिसेल अशी सोय केली. कॉफी आहे की संपली, एवढंच बघायला. १९९३ मध्ये ते चित्र इंटरनेटवर आलं आणि जगभरातून लोक ते भांडं बघू लागले. पहिला वेबकॅम म्हणतात तो हाच. २२ ऑगस्ट २००१ ला तो बंद झाला, आणि ते भांडं लिलावात ३,३५० पौंडांना एका जर्मन बातम्यांच्या वेबसाइटनं घेतलं. आज आपण नातवंडं बघतो, मुलाखती देतो, डॉक्टरांना जीभ दाखवतो, त्या सगळ्याच्या मुळाशी कुणीतरी शेवटचा कप पिऊन गुपचूप निघून गेलं होतं. मला त्या अनोळखी माणसाचं नेहमी कुतूहल वाटतं. त्याला सहकारी काय म्हणत असतील!

त्याच कॅमेऱ्यानं २०२० मध्ये आम्हाला घरी बसवलं. एप्रिलमध्ये कोरियाहून आलेली 'डालगोना' कॉफी सगळीकडे गाजत होती. लोक फेस काढून फोटो टाकत होते आणि काकांनी ग्रुपवर लिहिलं, "अरे, ही तर आपली फेटलेली कॉफी!" सोबत स्वतःच्या मगचा फोटो, वर जायफळाची तपकिरी भुकटी. कामाच्या दृष्टीनं ते महिने सोपे गेले, हे मान्य करायला हवं. पेनाची टकटक नाही, स्पीकरफोन नाही, एसी आपल्या मनासारखा. कॉलवर आलेल्या माणसाचा आवाज यंत्र गाळून द्यायचं. त्याच्या मागचं कुकर, कुत्रा, चमचा सगळं पुसलेलं. माणूस बोलायचा मुद्द्याचं आणि जायचा. काही आठवड्यांनी माझ्या लक्षात आलं, की कुणाला बरं नाही, कोण घरात भांडून बसलंय, कुणाची नोकरी सोडायची तयारी चाललीय, यातलं काहीच आता मला कळत नाही. ऑफिसात ते कुणी सांगत नसतंच. कॉफी नेहमीपेक्षा कमी फेटली गेली, पेन सकाळपासून एकदाही वाजलं नाही, यावरून ते कळायचं. एकदा काकांनी फेटणं अर्ध्यावर सोडून मग तसाच ओट्यावर ठेवला होता. मी उठून गेले आणि विचारलं. वहिनींचा रिपोर्ट आला होता.

चीड येण्यासाठी आधी लक्ष असावं लागतं.

आवडत्या माणसाकडे आपण इतकं लक्ष देत नाही. आवडतं म्हटल्यावर बघणं थांबतं. ज्याचा त्रास होतो त्याची मात्र चप्पल, खोकला, दार लावायची पद्धत, श्वास टाकायची पद्धत आपल्याला पाठ होते. ही ओळख काही आपण मागितलेली नसते. मित्र निवडता येतात, लग्नसुद्धा आता बघून-सवरून करतात, पण शेजारच्या टेबलावर कोण बसणार ते कुणीतरी एक्सेलच्या शीटमध्ये ठरवलेलं असतं. आणि तरी दिवसातले आठ-नऊ तास त्या माणसासोबत जातात. घरच्यांच्या वाट्याला तितके येत नाहीत, झोपेतले धरले नाहीत तर.

म्हणून कॉफीच्या त्या पंधरा मिनिटांना 'टाइमपास' म्हटलं की मला वाईट वाटतं. अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये टाय विणणारी एक गिरणी होती, लॉस विगवाम वीव्हर्स. दुसऱ्या महायुद्धात तरणे कामगार गेले, म्हणून मालक फिल ग्रेनेट्झ यानं शेवटी मध्यमवयीन बायका कामाला घेतल्या. मागांवरचं काम दमवणारं. बायकांनीच सुचवलं, की सकाळी पंधरा आणि दुपारी पंधरा मिनिटं कॉफीसाठी द्या. दिली, आणि काम वाढलं. इतकं वाढलं की मालकानं सुट्टी सक्तीची केली, पण त्या अर्ध्या तासाचा पगार मात्र देईना. प्रकरण कोर्टात गेलं. १९५६ मध्ये अपिलाच्या कोर्टानं सांगितलं, की या सुट्टीनं मालकाचा फायदा होतो, तेव्हा ती कामाची वेळ धरायची आणि तिचे पैसे द्यायचे. त्या बायका त्या पंधरा मिनिटांत काय बोलत असतील ते निकालपत्रात नाही. पण मागावर शेजारी बसणारी कशी धागा तोडते आणि वर गुणगुणते, हे नक्की निघत असेल.

आता ज्या गोष्टीचा मला खरोखर राग येतो ती सांगते. आमच्याकडे एकजण आहेत, बोलायला गोड, कधी आवाज चढवत नाहीत, त्यांची कुणाला तोशीस नाही. फ्रेमवर सगळ्यांत सुंदर ओळी त्यांच्याच आहेत. ते कॉफी पितात, उरलेल्या कॉफीत टिश्यूपेपर कोंबतात, कप टेबलाखाली पायाशी ठेवतात आणि संध्याकाळी निघून जातात. तो फुगलेला, चिकट लगदा बोटांनी काढतात आमच्या मावशी. एकदा मावशींच्या हातून या गृहस्थांचा मग फुटला, तेव्हा ते सगळ्यांसमोर त्याची किंमत बोलून दाखवत होते, हसत हसत. मावशी खाली बसून काचा वेचत होत्या. आणि काका, ज्यांच्यामुळे माझं डोकं रोज उठायचं, ते आपला मग, चमचा आणि दुधाचं पातेलं स्वतः घासून ओट्यावर पालथं घालायचे. पातेल्याला लागलेली साय तारेच्या घासणीनं काढताना होणारा आवाजही काही कमी कर्कश नव्हता. तरी माझा हिशेब तेव्हाच पक्का झाला. बरोबरीच्या माणसाला दिलेला त्रास चालतो, त्याला उलट बोलता येतं. ज्याला उलट बोलता येत नाही त्याच्यावर आपली घाण टाकणं, हे कितीही गोड बोलून झाकत नाही.

कॉफी करणाऱ्या, कप उचलणाऱ्या हातांचा विषय निघाला की मला इंडियन कॉफी हाउस आठवतं. पन्नासच्या दशकात कॉफी बोर्डानं आपली कॉफी हाउसं बंद करायला घेतली आणि कामगार रस्त्यावर आले. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकारानं त्यांनी सहकारी संस्था काढल्या, पहिली १९५७ मध्ये बंगळुरूला, आणि कालपर्यंत ट्रे उचलणारी माणसं त्या कॉफी हाउसांची मालक झाली. पंख्यासारखा तुरा काढलेला फेटा घातलेला वेटर तिथे कप ठेवतो, तेव्हा त्याच्या ठेवण्यात घाई नसते. निदान मला तरी ती कधी दिसली नाही. आमच्या मावशी कंत्राटावर आहेत. त्यांच्या ओळखपत्राची दोरीसुद्धा वेगळ्या रंगाची आहे.

बुधवारी मी त्या मुलीला कागद दिला. त्यावर लिहिलं होतं, की काका कॉफी फेटतात तेव्हा आवाजावरून मला त्यांचा दिवस कसा चाललाय ते कळतं, की त्यांच्या गावचं जायफळ मी न मागता भरपूर खाल्लंय आणि ते दरवेळी जरा जास्त पडतं, आणि पातेलं स्वतः घासणारा दुसरा माणूस मला या मजल्यावर दिसलेला नाही. तिनं वाचलं, थोडी थांबली. "मॅडम, दोन ओळींपेक्षा मोठं झालंय," म्हणाली, पण कापलं नाही. फ्रेमच्या तळाशी बारीक अक्षरात सगळं बसवलं.

काकांनी ते चष्मा कपाळावर चढवून वाचलं. फ्रेम डोळ्यांजवळ, मग लांब, मग पुन्हा जवळ.

"जास्त पडायचं होय गं?"

"थोडं."

"मग आधी सांगायचंस की!"

दुसऱ्या दिवशी साडेअकराला त्यांनी माझा कप पुढे ओढला आणि तितकंच किसलं. किसणी डबीत ठेवताना म्हणाले, "आज कमी टाकलंय बघ." वास घेतला तर नेहमीइतकाच होता.

ते गेल्यानंतर मी माझी कॉफी अकराला पँट्रीतच घ्यायला लागले, मावशींबरोबर. त्या चहावाल्या. कॉफीनं पित्त होतं म्हणतात. पहिल्या दिवशी त्या स्टुलावरून उठून उभ्या राहिल्या, मी बसा म्हटल्यावर टेकल्या, आणि काही दिवस आम्ही पाऊस, भाजीचे भाव, स्वारगेटच्या बसची गर्दी यावरच बोललो. मग एकदा त्यांनी दार बंद आहे ना ते बघितलं आणि विषय काढला तो दुपारच्या पाळीतल्या मावशींचा. ती बाई चांगली तारेची घासणी स्वतःच्या पिशवीत घेऊन जाते, यांच्यासाठी झिजलेली ठेवते. फडकी ओली पिळून तशीच कोंबते, सकाळी वास मारतो. आणि वर दिवसभर तोंडात लवंग, बोलताना चघळत राहते, कच कच कच.

"ताई, तुम्हाला सांगते," मावशी म्हणाल्या, आणि कप खाली ठेवून त्यांनी त्या बाईचं चालणं, फडकं आपटणं आणि लवंग चघळणं इतकं हुबेहूब करून दाखवलं, की माझ्या हातातली कॉफी सांडली. पुसायला त्या उठायच्या आत मी फडकं घेतलं. ते खरंच ओलं होतं.

"बघा!" मावशी म्हणाल्या. "मी काय सांगत होते?"